फॉदरिंगेचा दुसरा अल्बम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१९७०च्या हिवाळ्यात लंडनमध्ये अर्ध्यावर सोडून दिलेला एक अल्बम थेट २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचं नाव ‘फॉदरिंगे २’. जुनं इंग्लिश फोक-रॉक, म्हणजे रॉकच्या वाद्यांवरची लोकगीतं, ऐकणाऱ्यांमध्ये त्यावरून अजूनही वाद झडतात आणि या संगीताकडे नव्याने वळलेले श्रोते तेच ते प्रश्न पुन्हा विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. काही उत्तरांत माहितीपेक्षा माझं मत जास्त आहे, ते वाचताना कळेलच.

फॉदरिंगे हा कुणाचा बँड?

पाच जणांचा. सँडी डेनी (गायन, गिटार, पियानो), ट्रेव्हर लूकस (गायन, गिटार), जेरी डॉनह्यू (मुख्य गिटार), पॅट डोनाल्डसन (बेस) आणि जेरी कॉनवे (ड्रम्स). लूकस ऑस्ट्रेलियाचा, डॉनह्यू अमेरिकेचा, बाकीचे इंग्लंडचे. लूकस आणि कॉनवे आधी ‘इक्लेक्शन’ नावाच्या बँडमध्ये एकत्र वाजवत होते.

सँडी त्याआधी ‘फेअरपोर्ट कन्व्हेन्शन’ची गायिका होती. इंग्लंडमधली जुनी लोकगीतं इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम्सच्या साथीने गायची वाट ज्या अल्बमने रुळवली, तो ‘लीज अँड लीफ’ १९६९च्या डिसेंबरमध्ये आला. तो दुकानांत पोचेपर्यंत सँडीने तो बँड सोडला होता. तिला स्वतःची गाणी लिहून गायची होती आणि जोडीदार लूकसपासून लांब, सतत दौऱ्यावर राहायचं नव्हतं. १९७०च्या सुरुवातीला तिने लूकससोबत हा नवा बँड उभा केला.

हे नाव कुठून आलं?

इंग्लंडमध्ये नॉर्थॅम्प्टनशायर परगण्यात नीन नदीच्या काठी फॉदरिंगे नावाचं गाव आहे. तिथल्या किल्ल्यात स्कॉटलंडची राणी मेरी कैदेत होती आणि ८ फेब्रुवारी १५८७ रोजी तिथेच तिचा शिरच्छेद झाला. आज किल्ल्याच्या जागी मातीचा उंचवटा तेवढा उरलाय. सँडीने फेअरपोर्टमध्ये असताना त्या कैदेतल्या राणीवर एक गाणं लिहिलं होतं, त्याचंच नाव बँडला दिलं.

रेकॉर्ड कंपनीला आणि निर्मात्याला सँडी एकटी हवी होती, तिच्या नावावर अल्बम खपले असते. तिने मात्र बँडला स्वतःचं नाव दिलं नाही. पुढची बरीच उत्तरं या एका गोष्टीवर उभी आहेत, म्हणून ती लक्षात ठेवा.

पहिला अल्बम कसा आहे?

फार सुंदर. १९७०च्या जूनमध्ये आयलंड रेकॉर्ड्सने काढला, निर्माता जो बॉइड. ब्रिटनच्या अल्बम-विक्रीच्या यादीत तो १८व्या क्रमांकापर्यंत गेला. नऊ गाणी आहेत. त्यांतली चार एकट्या सँडीची आणि एक तिने लूकससोबत लिहिलेलं. शेवटचं ‘बँक्स ऑफ द नाईल’ हे पारंपरिक गाणं आठ मिनिटांचं आहे. इजिप्तच्या लढाईला निघालेल्या शिपायाला त्याची प्रेयसी विनवते, मलाही बरोबर ने, मी केस कापून पुरुषाच्या वेषात येते. सँडी हे गाणं कुठेही आवाज न चढवता गाते आणि मागे ड्रम्स जवळजवळ श्वासासारखे चालू राहतात. इंग्लिश लोकगीत गाण्याची यापेक्षा वरची पातळी मी तरी ऐकलेली नाही.

मग दुसरा अल्बम का अडला?

इथे जरा सविस्तर सांगावं लागेल, कारण दोन-तीन गोष्टी एकात एक गुंतल्या होत्या.

पहिली गोष्ट पैशांची. बँड खर्चिक होता. त्यांनी कार्यक्रमांसाठी एक अवाढव्य ध्वनियंत्रणा विकत घेतली होती. तिच्या स्पीकरांच्या आकारावरून तिला ‘स्टोनहेंज’ म्हणायचे, इंग्लंडमधल्या त्या प्राचीन, प्रचंड उभ्या शिळांवरून. ती वाहून न्यायची, उभी करायची, म्हणजे माणसं आली, गाड्या आल्या. अल्बमच्या विक्रीतून हा खर्च निघत नव्हता.

दुसरी गोष्ट एका मोठ्या कार्यक्रमाची. १९७० मध्ये ‘मेलडी मेकर’ या संगीत साप्ताहिकाच्या वाचकांनी सँडीला ब्रिटनची सर्वोत्कृष्ट गायिका निवडलं. त्यानंतर लगेच, २ ऑक्टोबरला, फॉदरिंगेचा कार्यक्रम लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये ठरला. त्यांच्या आधी वाजवायला एक नवा मुलगा घेतला होता, एल्टन जॉन. त्याने सभागृह डोक्यावर घेतलं. त्यानंतर फॉदरिंगेची संथ, आतल्या आत उलगडणारी गाणी फिकी वाटली आणि वृत्तपत्रांतूनही तसंच छापून आलं.

तिसरी गोष्ट जो बॉइडची. दुसऱ्या अल्बमचं काम नोव्हेंबर-डिसेंबर १९७० मध्ये चेल्सी भागातल्या साउंड टेक्निक्स या स्टुडिओत चालू होतं. जुन्या दुग्धालयाच्या इमारतीतला हा स्टुडिओ, इंग्लिश गायक-गीतकार निक ड्रेकचे अल्बमही इथलेच. काम पुढे सरकत होतं, पण बॉइडचं मन त्यात नव्हतं. त्याला वॉर्नर ब्रदर्सकडून लॉस एंजेलिसमध्ये चित्रपट-संगीताची नोकरी मिळाली होती आणि तो लंडनमधला पसारा आवरत होता. सँडीने एकटीने गावं असं तो आधीपासून म्हणत आला होता. दोघांच्या बोलण्यातून सँडीचा असा समज झाला की बँड मोडला तर बॉइड इथेच राहून तिचं काम बघेल. जानेवारी १९७१च्या सुरुवातीला तिने बँड मोडल्याचं सांगून टाकलं. बॉइड तरीही अमेरिकेला गेला.

३० जानेवारी १९७१ला क्वीन एलिझाबेथ हॉलमध्ये शेवटचा कार्यक्रम झाला. दुसरा अल्बम होता तिथेच राहिला.

मला यात कुणाला खलनायक करायचं नाही. पण सँडीला बँड नकोसा झाला म्हणून तो मोडला, असं सर्रास लिहिलं जातं, ते चूक आहे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आलेल्या तिच्या पहिल्या एकल अल्बमवर कोण वाजवतंय बघा: डॉनह्यू, डोनाल्डसन, कॉनवे, लूकस. एकटीने गायचं ठरल्यावरही तिने आपलीच माणसं बोलावली.

टेप खरोखर हरवल्या होत्या का?

नाही. त्या कंपनीच्या साठ्यात होत्या. काही तुकडे १९८०च्या दशकापासून सँडीच्या संकलनांत अधूनमधून येत राहिले, त्यामुळे असं काहीतरी पडून आहे हे जाणकारांना ठाऊक होतं. पण ज्या पाच जणांनी ते सुरू केलं होतं, त्यांच्यातल्या कुणीतरी बसून त्याचा अल्बम करावा, हे घडायला जवळजवळ ३८ वर्षं गेली.

अर्धवट गाणी पूर्ण कशी केली?

हे काम जेरी डॉनह्यूने अंगावर घेतलं. ते कसं चालतं हे समजलं, तर अल्बम ऐकताना कान वेगळे लागतात.

त्या काळी बँड आधी एकत्र वाजवून गाण्याचा सांगाडा टेपवर घ्यायचा. प्रत्येक वाद्य टेपच्या वेगळ्या पट्टीवर, म्हणजे ट्रॅकवर असायचं. गायक त्याच वेळी एक कामचलाऊ गायन करून ठेवायचा, वादकांना गाणं कुठे चाललंय हे कळावं म्हणून. खरं गायन नंतर, शांतपणे, वेगळ्याने. त्यावर मग जादा गिटार, कोरस, शेवटी मिक्सिंग. फॉदरिंगेचं काम थांबलं तेव्हा प्रत्येक गाणं या वाटेवर वेगवेगळ्या टप्प्याला होतं. काही जवळपास तयार होती, तर काहींचे नुसतेच वेगवेगळे टेक, म्हणजे एकाच गाण्याचे निरनिराळ्या वेळी मुद्रित केलेले प्रयत्न, होते.

डॉनह्यूने सगळे टेक ऐकून काढले. एका टेकमधली सँडीची चांगली ओळ, दुसऱ्यातली दुसरी, असं जुळवत सलग गायन उभं केलं. जिथे वादन अपुरं होतं तिथे त्याने, डोनाल्डसनने आणि कॉनवेने स्वतः नव्याने वाजवून भर घातली. सँडी २१ एप्रिल १९७८ला वयाच्या अवघ्या ३१व्या वर्षी गेली होती, लूकस १९८९ मध्ये. गाणारे दोघेही नव्हते, वाजवणारे तिघेही होते, आणि म्हणूनच हे काम शक्य झालं. वादन आज भरता येतं, गायन आणणार कुठून? सँडी आणि लूकसचं जे काही ऐकू येतं ते सगळं १९७०चं आहे.

अल्बम २००८ मध्ये फ्लेजलिंग रेकॉर्ड्स या छोट्या ब्रिटिश कंपनीने काढला. एकूण अकरा गाणी.

सँडी हयात नसताना तिचा अर्धवट आवाज बाहेर काढणं बरोबर आहे का?

सर्वांत जास्त भांडण याच प्रश्नावरून होतं आणि प्रश्न रास्तच आहे. कलाकाराने जे लोकांसमोर ठेवायचं नाही असं ठरवलं, ते त्याच्या माघारी काढू नये, ही भूमिका मला पटते. गेलेल्या गायकांच्या टेपवर परक्या वादकांकडून वाजवून घेऊन नवा अल्बम म्हणून विकण्याचे प्रकार खूप झालेत आणि त्यांतले बरेच ऐकवत नाहीत.

पण इथे दोन गोष्टी निराळ्या आहेत. हा अल्बम सँडीने नापसंत करून टाकून दिलेला नव्हता. बँड मोडला म्हणून तो अडला. आणि ज्यांनी तो पूर्ण केला ते परके नव्हते. त्या टेपवर त्यांचं स्वतःचं वादन होतं, त्या खोलीत ते स्वतः होते. अर्ध्या राहिलेल्या कामावर तिचा जेवढा हक्क होता, तेवढाच त्यांचाही होता. या अल्बमपुरतं माझं उत्तर ठाम ‘हो, बरोबर आहे’ असं आहे.

माझी तक्रार आहे ती नादाबद्दल. पहिल्या अल्बमला जॉन वुडच्या ध्वनिमुद्रणाची जी ऊब आहे, खोलीतली हवा ऐकू आल्यासारखं जे वाटतं, ते इथे कमी आहे. काही ठिकाणी गिटारचा आवाज एकविसाव्या शतकातला वाटतो. पहिल्या एक-दोन वेळा ते खटकतं.

सँडीची फक्त दोनच गाणी? मग हा अल्बम कशासाठी ऐकायचा?

‘जॉन द गन’ आणि ‘लेट नोव्हेंबर’ ही दोन तिची, हे खरं. पहिल्या अल्बमवर तिची चार होती, त्यामुळे बरेच चाहते हिरमुसतात. अकरातल्या बाकी नऊपैकी दोन लूकसने पीट रोशसोबत लिहिलेली, चार पारंपरिक वळणाची, एक बॉब डिलनचं, एक स्ट्रॉब्स बँडच्या डेव्ह कझिन्सचं आणि ‘सिल्व्हर थ्रेड्स अँड गोल्डन नीडल्स’ हे अमेरिकन कंट्री वळणाचं.

माझं म्हणणं इतकंच की हा सँडी डेनीचा अल्बम म्हणून ऐकायला बसलात तर तो तोकडा वाटणारच, कारण तो तिचा नाहीच. तो पाच जणांचा आहे आणि तिला तसाच हवा होता. इंग्लंडमधल्या सर्वोत्कृष्ट गायिकेचा मान मिळालेली बाई आपल्या बँडच्या अल्बमवर स्वतःची दोनच गाणी ठेवते, निम्मा वेळ दुसऱ्याला गाऊ देते, त्याच्या मागे कोरसमध्ये उभी राहते. तिला एकटीला पुढे उभं करायची घाई सगळ्या जगाला होती. तिला मात्र चार जणांत गाणं आवडत होतं, आणि इथे ते स्पष्ट ऐकू येतं. तिच्या नंतरच्या एकल अल्बमांवर तंतुवाद्यांचे मोठमोठे ताफे आले. त्यांत सुंदर जागा आहेत, पण हा मोकळेपणा नाही.

लूकसची गाणी वगळून ऐकली तर?

कृपा करून वगळू नका. लूकसचा आवाज खर्जातला, भरदार, थोडा खडबडीत. सँडीच्या आवाजाशेजारी तो साधा वाटतो, पण तिच्या शेजारी कुणाचा वाटणार नाही? ‘बोल्ड जॅक डॉनह्यू’ हे त्याने आपल्या देशातून आणलेलं गाणं आहे. जॅक डॉनह्यू हा आयर्लंडहून ऑस्ट्रेलियात काळ्या पाण्यावर पाठवलेला कैदी. तो निसटून रानात गेला, वाटमारी करू लागला आणि १८३०मध्ये पोलिसांच्या गोळीला बळी पडला. सरकारच्या दफ्तरी दरोडेखोर असलेला माणूस लोकांच्या गाण्यात शूर होतो. आपल्याकडे उमाजी नाईकांचे पोवाडे ज्यांनी ऐकलेत, त्यांना ही जातकुळी वेगळी समजावून सांगायला नको. (गिटारवाल्या डॉनह्यूचं आडनाव तेच असणं हा निव्वळ योगायोग.)

पहिल्या अल्बमवर लूकसचंच, नेड केली या ऑस्ट्रेलियन दरोडेखोरावरचं गाणं होतं. म्हणजे इंग्लिश-स्कॉटिश लोकगीतांच्या बरोबरीने ऑस्ट्रेलियाची रानवाट या बँडमध्ये आली ती त्याच्यामुळे. त्या काळच्या दुसऱ्या कुठल्याही फोक-रॉक बँडकडे हे नव्हतं.

‘एप्पी मोरे’ची गोष्ट काय आहे?

जुनं स्कॉटिश कथागीत आहे. फ्रान्सिस चाइल्ड या अमेरिकन अभ्यासकाने एकोणिसाव्या शतकात अशी ३०५ कथागीतं गोळा केली, त्यांत याचा क्रमांक २२३. विली नावाचा माणूस एप्पीला लग्नासाठी मागणी घालतो, ती नाही म्हणते. मग तो रात्री माणसं घेऊन येतो, तिला जबरदस्तीने घोड्यावर घालतो आणि पाद्र्याकडे नेतो. मुलीची संमती नाही म्हणून पाद्री लग्न लावायला तयार होत नाही. विली तिला एका घरात घेऊन जातो आणि तिच्या बिछान्यात शिरतो. त्यानंतर रात्रभर ती त्याच्याशी झुंजते. हात, पाय, नखं, सगळं वापरते. उजाडतं तेव्हा ती जशी आली तशीच असते, आणि घोडा मागून आपल्या आईकडे परत जाते.

या तीनशे पाच कथागीतांत बायका बहुतेक वेळा बुडतात, जळतात किंवा वाट बघत मरतात. ही जिंकते. बँड हे गाणं ज्या वेगाने वाजवतो त्यात ती झुंज आहे. कॉनवेचे ड्रम्स एकदाही सैल पडत नाहीत. अल्बममधलं सर्वांत धारदार गाणं मला हेच वाटतं, आणि याची चर्चा फार कमी होते.

यातली बरीच गाणी मी आधी दुसरीकडे ऐकली आहेत. असं कसं?

अल्बम अडला तरी गाणी वाया गेली नाहीत. ‘जॉन द गन’ आणि ‘लेट नोव्हेंबर’ सँडीने १९७१च्या एकल अल्बमवर घेतली. लूकस आणि डॉनह्यू १९७२ मध्ये फेअरपोर्टमध्ये दाखल झाले, तेव्हा ‘नाइट्स ऑफ द रोड’ १९७३च्या ‘रोझी’ अल्बमवर गेलं. सँडीही १९७४ मध्ये तिथे परतली आणि ‘रेस्टलेस’ १९७५ मध्ये फेअरपोर्टच्या अल्बमवर आलं. ‘सिल्व्हर थ्रेड्स’ तिच्या शेवटच्या, १९७७च्या अल्बमवर आहे.

त्यामुळे ‘फॉदरिंगे २’ ऐकताना उलटा अनुभव येतो, गाणी ओळखीची आणि त्यांची पहिली रूपं मात्र नवी. सुचवणी एवढीच की ‘लेट नोव्हेंबर’ची दोन्ही रूपं पाठोपाठ ऐका.

लेड झेपलिनच्या गाण्यात गाणारी सँडी डेनी हीच का?

हीच. ‘द बॅटल ऑफ एव्हरमोर’, १९७१. लेड झेपलिन या ब्रिटिश रॉक बँडच्या स्टुडिओ अल्बमांवर पाहुणी म्हणून गायलेली ती एकमेव गायिका.

विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. त्याच अल्बममधलं ‘फोर स्टिक्स’ हे गाणं त्या बँडच्या जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांटने १९७२ मध्ये मुंबईत, इथल्या वादकांना घेऊन पुन्हा ध्वनिमुद्रित केलं होतं. तबला, सतार, व्हायोलिनं, सगळं इथलं. ते मुद्रण अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ उजाडलं. मुंबईच्या चित्रपट-वाद्यवृंदांवर प्रेम असणाऱ्यांनी ते जरूर मिळवून ऐकावं.

बँड पुन्हा कधी एकत्र आला का?

२०१५ मध्ये डॉनह्यू, डोनाल्डसन आणि कॉनवे यांनी नव्या गायकांना घेऊन ब्रिटनमध्ये दौरा केला. पुढच्याच वर्षी डॉनह्यूला पक्षाघाताचा झटका आला. कॉनवे २०२४ मध्ये गेला.

अजून काही शिल्लक आहे का? आणि काय विकत घ्यावं?

२०१५ मध्ये ‘नथिंग मोर’ नावाचा संच निघाला. त्यात दोन्ही अल्बम, कच्ची मुद्रणं, थेट कार्यक्रम आणि एका डीव्हीडीवर जर्मन टीव्हीवरच्या ‘बीट क्लब’ कार्यक्रमातलं चित्रण आहे. बँड चालता-बोलता बघायचा असेल तर ते चित्रण मोलाचं आहे. पाचही जण एकमेकांकडे बघत वाजवताना दिसतात. आधीपासून दोन्ही अल्बम असतील तर जर्मनीतल्या एसेनच्या १९७०च्या कार्यक्रमाची वेगळी सीडी २०११ मध्ये आली होती, ती तेवढी जोडा.

अगदी नवखे असाल तर संचाच्या मागे लागू नका. पहिला अल्बम सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐका, गाणी न निवडता. मग ‘फॉदरिंगे २’वरचं ‘वाइल्ड माउंटन टाइम’ लावा. हे स्कॉटिश-आयरिश गाणं शेकडो जणांनी गायलंय आणि बहुतेक जण शेवटी श्रोत्यांना सामील करून घेतात. सँडी ते एखाद्याला हळूच विचारल्यासारखं गाते, येतोस का म्हणून. त्यानंतर ‘एप्पी मोरे’, मग लूकसची गाणी, आणि मग सगळा अल्बम क्रमाने.